कोकणातून राज्य नाट्य स्पर्धेला नाटक नेताना

हौशी मराठी राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात लागते. घाटावरच्या मंडळींना गणपती उरकले की तालमीला बसता येतं. कोकणात तसं बसलं तर नाटक उभं राहत नाही. अनंत चतुर्दशी झाली की पितृपक्ष, नवरात्र, लगेच भातकापणी आणि झोडणी, मग दिवाळी. दारातला कंदील उतरवतो तोवर केंद्राचं वेळापत्रक हातात पडलेलं असतं. म्हणून किनाऱ्यावरच्या नाटकाची वही मिरगालाच, म्हणजे जूनच्या सुरुवातीलाच, उघडावी लागते. दिग्दर्शकाला वाटतं नाटक आपण बसवतोय. निम्मं तरी पाऊस, शेत आणि शेवटची एसटी बसवत असते.

वहीच्या पहिल्या पानावर प्रत्येक नटाच्या नावापुढे त्याचा धंदा, गाव आणि परतीची शेवटची गाडी लिहायची. भूमिका त्यानंतर. जूनच्या अखेरीपासून जुलैभर लावणी चालते. शेतीवाला नट त्या दिवसांत तालमीला आला तरी उभ्याउभ्या पेंगतो, त्याच्याकडून पाठांतराची अपेक्षा धरू नये. बंदरावरच्या पोरांचं नेमकं उलट. यांत्रिक मासेमारी १ जूनपासून पावसाळ्यापुरती बंद, होड्या वर ओढून शाकारलेल्या, संध्याकाळ मोकळी. नारळी पौर्णिमेला नारळ सोडला की हीच पोरं चार-चार दिवस समुद्रात असतात. तेव्हा मच्छीमार नटांचे प्रवेश जून-जुलैत पक्के करून ठेवायचे आणि शेतकऱ्यांचे ऑगस्टात उचलायचे. दोघे समोरासमोर असलेला प्रवेश असेल तर तो पहिल्या पावसातच एकदा बसवून टाकावा, पुढे दोघांना एका संध्याकाळी आणणं मुश्कील. शिक्षकांना कधी निवडणुकीचं काम येईल सांगता येत नाही, एसटीतल्या माणसाची ड्युटी आठवड्याला फिरते, बँकेतल्याची बदली होते. मुख्य भूमिका म्हणूनच दोघांना पाठ करायला द्यायची. दुसऱ्याला ते अपमानास्पद वाटतं, तरीही द्यायची.

संहिता निवडताना पात्रं मोजण्याआधी जागा मोजाव्यात. दोन अंकांत पाच स्थळं असलेलं नाटक वाचताना छान वाटतं. पण प्रत्येक स्थळबदलाला दीड मिनिटाचा काळोख म्हटला तरी पाच-सहा मिनिटं प्रेक्षक अंधारात बसतो आणि परीक्षक घड्याळ बघतो. एक घर, एक अंगण, फार तर बाजूला एक पार. एवढ्यात मावणारं नाटक हौशी संस्थेला झेपतं.

परवानगीच्या बाबतीत आपल्याकडे फार ढिलाई आहे. कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात आणि ती मोजायची मृत्यूच्या पुढच्या जानेवारीपासून. चिपळूणला जन्मलेले मामा वरेरकर १९६४ मध्ये गेले, म्हणजे त्यांची नाटकं १ जानेवारी २०२५ पासून सर्वांना मोकळी झाली. मालवणच्या नाट्यगृहाला त्यांचंच नाव आहे, निदान तिथल्या मंडळींनी तरी याचा फायदा घ्यायला हरकत नाही. गावातल्या लोकांना वाटतं की देवळाच्या कार्यक्रमाला परवानगी लागत नाही. ते अगदीच चूक नाही: हौशी संस्थेने फुकट प्रेक्षकांसमोर किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केलेल्या प्रयोगाला त्याच कायद्यात सूट आहे. पण संस्थेने स्वतःसाठी तिकीट लावलं की ती सूट गेली, आणि स्पर्धेला तर लेखकाचं किंवा वारसाचं पत्र जोडावंच लागतं. हे पत्र जुलैत मिळवावं. वारस तीन असतील तर तिघांच्या सह्या लागतात, आणि त्यातला एक हमखास परदेशी असतो.

दुसरा कागद रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाच्या, म्हणजे प्रयोगाआधी संहिता तपासणाऱ्या सरकारी मंडळाच्या, प्रमाणपत्राचा. जुन्या, आधी प्रमाणित झालेल्या नाटकाचा क्रमांक लेखकाकडून किंवा आधी प्रयोग केलेल्या संस्थेकडून मिळतो. नवी संहिता असेल तर टंकलिखित प्रती पाठवून वाट बघायची. इथे घोळ होतो तो असा: संहिता ऑगस्टात मंडळाकडे जाते, तालमीत सप्टेंबरात शेवट बदलतो, आणि सादर होतं ते नाटक प्रमाणित प्रतीशी जुळत नाही. शब्द इकडेतिकडे झाले तर कुणी विचारत नाही. नवा प्रवेश घातला असेल तर सरळ तो पुन्हा पाठवावा. प्रवेशिका आणि अनामत सांस्कृतिक कार्य संचालनालयाने दिलेल्या मुदतीत भरायची. मुदतीच्या शेवटच्या दिवशी गावात रेंज नसते, हा अनुभव सगळ्यांचाच आहे.

तालमीचा हिशेब तासांत करावा. रात्री साडेसात ते दहा, अडीच तास. ५० संध्याकाळी धरल्या तर १२५ तास होतात. त्यातले उशीर, चहा आणि वीज गेल्याचे तास वजा केले की ९०-९५ हातात उरतात. पहिल्या आठ-दहा बैठका निव्वळ वाचनाच्या. त्यात वाक्यं पाठ करायची नाहीत, उच्चार धुऊन घ्यायचे. किनाऱ्यावरच्या बोलीत ‘ण’चा ‘न’ होतो, मालवणी जिभेला शेवटच्या अक्षरावर हेल येतो. संगमेश्वरीचा आणखी वेगळा. बोलीतलंच नाटक असेल तर हे सगळं सोनं आहे. प्रमाण मराठीतल्या नाटकात मात्र एकच पात्र ‘पानी’ म्हणालं की घरातली नाती संशयास्पद वाटायला लागतात. उलट मालवणी नाटकात शहरातून आलेल्या मुलाला ‘ड’चा ‘ढ’ करून मालवणी बोलवू नये. ती नक्कल गावातलं शेंबडं पोरसुद्धा ओळखतं.

जुलैत तालमीची जागा म्हणजे शाळेचा हॉल किंवा देवळाचा सभामंडप, आणि वर पत्रा. मुसळधार पाऊस पत्र्यावर पडायला लागला की दहा फुटांवरचं वाक्य ऐकू येत नाही. मग नट ओरडायला लागतात. ओरडण्याची सवय पंधरा दिवसांत घशात बसते आणि नाट्यगृहात गेल्यावर निघत नाही, सगळं नाटक एकाच वरच्या पट्टीत चालतं. यावर आमचा नियम साधा आहे. पत्रा वाजायला लागला की आवाज बंद. त्या वेळात फक्त हालचाली: कोण कुठून येतो, कुठे बसतो, हातातली वस्तू कुठे ठेवतो. संवाद ओठांत पुटपुटायचे. आवाजाचं काम गणपतीनंतर, पाऊस ओसरला की.

हालचालींसाठी जमिनीवर नेपथ्याचा नकाशा आखावा लागतो. पावसाळ्यात फरशीला दमटपणा असतो, चिकटपट्टी दुसऱ्या दिवशी उचकटून येते. ओल्या चुन्याची रेघ टिकते. सारवलेली जमीन असेल तरी चालते, रेघ दर चार दिवसांनी फिरवून घ्यायची. दार म्हणून खुर्च्या न ठेवता दोन बांबू उभे करावेत, कारण खुर्चीतून कुणीही कसाही वळून जातो आणि खऱ्या दारात खांदा आपटतो. दार अडीच फुटांचं ठेवणार असाल तर बांबूंमध्ये अडीचच फूट. नऊवारी नेसलेली बाई हातात तांब्या-ताट घेऊन त्यातून जाणार असेल तर तीन फूट ठेवा, नाहीतर प्रत्येक वेळी ती तिरकी शिरेल.

स्त्री-भूमिकांचा प्रश्न अजून सुटलेला नाही. शहरांत मुली येतात, खेड्यात रात्रीच्या तालमीला पाठवायला घरचे तयार नसतात. गावच्या उत्सवी नाटकाला नटी बाहेरून आणतात, तिचा मोबदला नाइटवर ठरतो, आणि ती एक-दोन तालमींना येते. अशा वेळी तिच्यासाठी जागा कमीत कमी ठरवाव्यात. खुर्ची, खांब, दार, तुळशीवृंदावन, एवढ्या चार खुणा. बाकीच्यांनी तिच्याभोवती फिरायचं. स्पर्धेला हे चालत नाही. तिथे तालीम संध्याकाळी साडेपाचला सुरू करून मुलींचे प्रवेश आधी संपवणं आणि त्यांना घरी पोचवायची जबाबदारी एका माणसाकडे नावानिशी देणं, हाच उपाय आम्हाला सापडला आहे. ज्या संस्थांनी हे नीट सांभाळलं त्यांच्याकडे वर्षानुवर्षं मुली टिकल्या.

आता नेपथ्य. कोकणातलं निम्मं नाटक इथे हरतं.

नेहमीचा फ्लॅट, म्हणजे नेपथ्यातल्या भिंतीचा एक तुकडा, आठ फूट बाय चार फूट. चौकट दोन इंच बाय एक इंच पट्टीची, मध्ये दोन आडव्या. गावचा सुतार आंब्याची पट्टी देतो, स्वस्त पडते, पण बहुतेक वेळा ती ओली असते आणि सुकताना पीळ खाते. ऑगस्टात सरळ असलेला फ्लॅट नोव्हेंबरात दोन कोपऱ्यांवर उभा राहतो. पाइनची सुकी पट्टी घ्यावी. वर चार मिलिमीटरचा प्लाय मारला तर एक फ्लॅट तेरा-चौदा किलोचा होतो, कापड ताणलं तर सात-आठ. बारा फ्लॅट असतील तर हा फरक सत्तर किलोंचा आहे, आणि ते सत्तर किलो रात्री बारा वाजता माणसांनीच उचलायचे असतात. ज्या भिंतीवर कुणी टेकणार, खिळ्याला टोपी अडकवणार किंवा दार आपटणार ती प्लायची करा, बाकी कापडाची.

कापडाला खळ लावून ताण आणायची पद्धत जुनी आणि चांगली. मैद्याची पातळ खळ, दोन हात. पण आमच्या हवेत त्या खळीला बुरशी लागते आणि झुरळं, कसर कापडासकट खातात. खळ शिजवताना चिमूटभर मोरचूद घालायचं, जुने पडदे रंगवणारे घालायचेच. मोरचूद विषारी आहे. भांडं वेगळं ठेवा, हात धुवा, पोरांना लांब ठेवा. रंगकाम दसऱ्यानंतर. जुलै-ऑगस्टात डिस्टेंपर मारला तर वरून सुकल्यासारखा दिसतो, आतून ओलाच असतो, आणि फ्लॅट एकावर एक रचले की एकाची खिडकी दुसऱ्याच्या भिंतीवर उमटते. बिजागऱ्या पितळी किंवा जस्त चढवलेल्या. साध्या लोखंडी बिजागरीची पिन खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात गंजून जाम होते आणि ऐन उभारणीत हातोडीनेही निघत नाही. पिना काढून खोबरेल लावून डब्यात ठेवायच्या. डबा नेपथ्याबरोबर ठेवू नये. नेपथ्यप्रमुखाच्या पिशवीत ठेवावा.

फ्लॅट उभा राहतो तो मागच्या तिरक्या आधारावर. आधार साडेपाच फुटांवर जोडायचा, त्याचा पाय भिंतीपासून साडेतीन फूट मागे. नाट्यगृहाच्या लाकडी जमिनीत खिळा ठोकायला परवानगी नसते, म्हणून पायावर वजन ठेवायचं. अनेक जण किनाऱ्यावरची वाळू पिशव्यांत भरून आणतात. ती खारी वाळू ओल धरते, पिशवी कुजते आणि तिसऱ्या प्रयोगाला रंगमंचावर सांडते. आपल्याकडे जांभ्याचा चिरा आहे. अर्धा चिरा गोणपाटात शिवून घेतला की वजनही होतं, जमिनीवर ओरखडाही येत नाही. एका आधारावर एक अर्धा, दाराच्या चौकटीला दोन्ही बाजूंना पूर्ण.

सामान ठेवायची जागा हा वेगळा खर्च आहे, तो कुणी धरत नाही. चिपळूणकरांना २००५ चा आणि २२ जुलै २०२१ चा पूर सांगावा लागत नाही. तळमजल्यावर ठेवलेलं काही वाचलं नव्हतं. फ्लॅट माळ्यावर, आडवे, खाली तीन वासे घालून, भिंतीपासून वीतभर लांब. उभे टेकवून ठेवले की पोट धरतात.

प्रकाशयोजनेत कोकणी गावाचा खरा शत्रू विजेचा दाब आहे. हॅलोजनचा दिवा दाब थोडा उतरला तर थोडाच मंद होईल असं वाटतं, पण तसं होत नाही. २३० व्होल्टचे १८० झाले की उजेड निम्म्याहूनही खाली, जेमतेम ४३ टक्क्यांवर येतो, आणि रंग पिवळटतो. तालमीत ठरवलेली संध्याकाळ प्रयोगात मध्यरात्र होते. म्हणून गावातल्या प्रयोगाला दुपारी चाचणी घेऊन खूश होऊ नये. सात वाजता, घराघरांत दिवे आणि टीव्ही लागल्यावर मीटर लावून दाब बघावा. भाराचं गणितही साधं आहे. १००० वॅटचा एक दिवा साडेचार अँपिअरला जरा कमी ओढतो. १५ अँपिअरच्या सॉकेटवर तीनच, चौथा लावलात की फ्यूज. असे दहा दिवे म्हणजे ४३ अँपिअर. देवळाच्या एक-फेज मीटरवर हे पेलत नाही, जनरेटर आणायचा आणि तीन फेजांवर सारखे वाटायचे. ध्वनियंत्रणा डिमर (दिवे कमीजास्त करणारं यंत्र) असलेल्या फेजवर कधीही नको, दिवा मंद केला की स्पीकरमधून भुंगा येतो. लांब वायर गुंडाळलेली तशीच ठेवून वापरली तर आतल्या आत तापते आणि वितळते. पूर्ण उलगडायची, जागा नसेल तर सैल वळणं टाकून.

आता भाड्याने एलईडी मिळतात, भार कमी होतो, दाबाचा त्रास फारसा उरत नाही. त्यांचे दोन दोष लक्षात ठेवावेत. स्वस्तातला एलईडी अगदी मंद करताना एकदम विझतो, हळूहळू मावळत नाही. सूर्यास्त त्याच्यावर सोपवू नका. आणि त्याचे पंखे घुरघुरतात, छोट्या सभागृहात शांत प्रवेशात ते पहिल्या रांगेला ऐकू येतात. चेहऱ्यासाठी हॅलोजन, पार्श्वभूमीसाठी एलईडी अशी वाटणी आम्हाला बरी वाटते. दोन्ही एकाच चेहऱ्यावर पडले तर रंगभूषा एका गालावर वेगळी दिसते.

ध्वनीबद्दल लांबण लावत नाही. प्रत्येक तुकडा वेगळी फाईल, नावात क्यूचा (दिवा किंवा आवाज सोडायच्या इशाऱ्याचा) आकडा आधी, आणि तीच यादी दोन पेनड्राइव्हवर. समुद्राची गाज लावणार असाल तर ती सतत नको; प्रेक्षकाला दोन मिनिटांत पाऊस वाटायला लागते.

क्यूवरून एक खास सिंधुदुर्गातली अडचण. तिथे अनेक उत्तम नट दशावतारातून आलेले असतात. दशावतारात लिखित संहिता नसते, कथानक ठरलेलं, संवाद रंगमंचावरच जुळवायचे. एक बाकडं, पेटी, मृदंग, झांज आणि पेटारा एवढ्यावर रात्र निघते. त्या नटाची जीभ मोकळी असते आणि ती कापू नये. पण प्रकाशवाला ‘आता मी निघते’ या वाक्यावर बोट ठेवून बसलेला असतो आणि नट त्या जागी चार सुंदर वाक्यं वेगळीच बोलतो. तिथे क्यू वाक्यावर न देता कृतीवर द्यायचा: कंदील खाली ठेवला की दिवा, उंबऱ्याबाहेर पाय पडला की संगीत. प्रकाशवाल्याच्या प्रतीत वाक्याशेजारी कृती लाल शाईने लिहायची. तांत्रिक तालमीत मग असं ऐकू येतं:

“अण्णा, चौदा कशावर?”

“कंदिलावर. तो काय बोलतो ते ऐकूच नको.”

स्पर्धेआधी एक प्रयोग गावात करावा. कार्तिकात जत्रा सुरू होतात, मंडळं बोलावतात. पूर्वी उघड्यावरचं नाटक जेवणं झाल्यावर, अकराला सुरू व्हायचं. आता ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांमुळे रात्री दहानंतर उघड्यावर स्पीकर लावता येत नाही. सरकारने जाहीर केलेल्या मोजक्या दिवसांना मध्यरात्रीपर्यंत सवलत असते, तुमचा दिवस त्यात आहे का ते तहसील किंवा पोलीस ठाण्यात आधी विचारायचं. नाहीतर साडेसहाला पडदा. उघड्या रंगमंचावर दिव्यांवर पाखरं येतात, आणि लांब स्वगतात एखादं नटाच्या तोंडात जातंच. प्रयोगाआधी तासभर मंडपापासून पन्नास पावलांवर एक पांढरं कापड आणि त्यावर झगझगीत दिवा लावून ठेवावा, बरीचशी तिकडे वळतात. वारा समुद्राकडून असेल तर मागचा पडदा शिडासारखा फुगतो. तळाला पोफळीचा वासा शिवून टाकायचा.

रंगभूषेतली एकच गोष्ट तपशिलात सांगतो, कारण ती हमखास फसते: चिकटवलेली दाढी. इथल्या दमट हवेत तासाभरात वरच्या ओठावर घाम येतो आणि मिशी आधी कडेने सुटते. लावण्याआधी कातडी स्पिरिटने पुसून पूर्ण कोरडी करायची. त्या जागी पॅनकेक, खोबरेल, पावडर काहीही नको, रंग दाढीच्या कडेपर्यंतच. स्पिरिट गम पातळ लावून अर्धा मिनिट थांबायचं, बोट टेकवल्यावर तार सुटली की केस लावायचे. केस हनुवटीखालून वर, थरांनी, प्रत्येक थर ओल्या फडक्याने पंधरा-वीस सेकंद दाबायचा. ओठाच्या कोपऱ्यांशी केस कमी ठेवायचे, बोलताना तिथेच ताण येतो. मध्यंतरात नटाने चहा स्ट्रॉने प्यावा. हसतात सगळे, पण दुसऱ्या अंकात मिशी जागेवर असते.

वाहतुकीसाठी नेपथ्याची मापं गाडीवरून ठरवा. लहान पिकअपचा हौदा आठ-नऊ फुटांचा असतो. आठ फुटांचा फ्लॅट आडवा बसतो, दहा फुटांचा मागे बाहेर येतो आणि घाटातल्या वळणावर त्याच्या टोकाला हिसके बसून सांधे ढिले होतात. उंच भिंत हवी असेल तर आठ अधिक दोन असे दोन तुकडे करा, जोड रंगवलेल्या पट्टीखाली लपतो. सहा बाय चारची लेव्हल (रंगमंचावर उंची द्यायचा चौथरा) सगळ्यात खाली, त्यावर फ्लॅट, रंगवलेल्या बाजू समोरासमोर आणि मध्ये जुन्या चादरी. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ अशी फेरीबोटीची वाट असेल तर उंची आणि वजन आधी विचारून घ्या. रात्री परत येताना शेवटची फेरी मिळणार नाही असंच गृहीत धरा, रस्त्याने येण्याचं डिझेल खर्चात लिहून ठेवा. दिवस नोव्हेंबरचे असले तरी ताडपत्री हवी. परतीच्या पावसाने फसवलेल्या संस्था प्रत्येक केंद्रावर भेटतात.

प्रयोगाचा दिवस. रत्नागिरीच्या स्वातंत्र्यवीर सावरकर नाट्यगृहासारख्या ठिकाणी एक दिवस आधी कुणीतरी जाऊन आदल्या संस्थेचं नाटक बघावं, नाटकासाठी कमी आणि रंगमंचासाठी जास्त. झालर किती खाली येते, विंगा किती, दिवे-पडदे टांगायचा कोणता बार कुरकुरतो, कोपऱ्यातल्या खुर्चीवरून विंगेत काय दिसतं. वेळेची वाटणी आम्ही अशी करतो: दहाला सामान उतरवणं, साडेदहा ते दीड नेपथ्य, जेवण, दोन ते चार दिवे लावून रोखणं, चार ते साडेपाच फक्त क्यू ते क्यू. या दीड तासात कुणी अभिनय करायचा नाही. वाक्याचा शेवट, दिवा, पुढच्या क्यूवर उडी. दिग्दर्शकाला इथे मोह होतो की एक प्रवेश पूर्ण बघू या. बघू दिला की शेवटचे पंधरा क्यू तपासायचे राहतात, आणि नाटकाचा शेवट त्यातच असतो. साडेपाचला रंगभूषा, पावणेसातला नटराजाची पूजा आणि नारळ. नारळ विंगेत फोडू नका, पाणी लाकडावर सांडलं की तिथून पळत एन्ट्री घेणारा घसरतो. पहिल्या घंटेला रंगमंचावरच्या सगळ्या वस्तू यादीप्रमाणे एकाने वाचायच्या आणि दुसऱ्याने हात लावून ‘आहे’ म्हणायचं. नुसतं बघून ‘आहे’ चालत नाही. पत्र आहे पण पाकीट रिकामं, हे बघून कळत नाही.

परीक्षक तिघं असतात आणि रोज संध्याकाळी एक याप्रमाणे नाटकं बघत आलेले असतात. बाराव्या दिवशी त्यांच्यासमोर संथ पहिली दहा मिनिटं घेऊन जाणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा. सुरुवात कापायची असेल तर ती निवडीच्या वेळी, लेखकाला विचारून कापा. निकालावर वाद दरवर्षी होतात. काही वेळा तक्रार रास्त असते, बऱ्याचदा प्रकाश किंवा नेपथ्याच्या पारितोषिकाकडे कुणी लक्षच दिलेलं नसतं. या वैयक्तिक पारितोषिकांसाठी योजनेचा नकाशा, रंगसंगती आणि छायाचित्रं नीट तयार असावीत. एरवीही पुढच्या प्रयोगाला तीच कामाला येतात.

पडदा पडल्यावर नट प्रेक्षकांत फोटो काढायला जातात आणि सामान चार माणसांवर येतं. दुसऱ्या दिवशीच्या संस्थेचा टेम्पो कधीकधी रात्रीच दाराशी येऊन थांबतो, म्हणून दीड तासात रंगमंच मोकळा व्हायला हवा. आधी वस्तू आणि कपडे, मग दिवे गार होईपर्यंत फ्लॅट, शेवटी लेव्हल. गाडीत मात्र लेव्हल पहिली जाते, म्हणून ती काढून होईस्तोवर फ्लॅट बाजूला उभे. गरम हॅलोजन हलवला की तार तुटते आणि भाड्यात नुकसान भरावं लागतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, सगळे झोपलेले असताना, दोघांनी येऊन घामेजलेले कपडे उन्हात टाकायचे, दाढीचे केस स्पिरिटने स्वच्छ करून कागदावर पसरायचे, वायरी ओल्या फडक्याने आणि मग कोरड्याने पुसायच्या, आणि बिजागऱ्यांच्या पिना मोजायच्या. बारा फ्लॅटच्या भिंतीला साधारण बावीस लागतात. एकवीस भरल्या तर बाविसावी गाडीच्या हौद्यात, पुढच्या डाव्या कोपऱ्यात बघा.